शनिवारचं एरंडेल

भागरताबाईचं नाव आधी लिहितो. मागे एकदा गॅरेजात ही हकीकत सांगायला बसलो, तेव्हा सुरुवात इंजिनापासून केली. मग काटा, मग मालक, आणि भागरताबाईपर्यंत पोचायच्या आत ऐकणारे एकेक करून कामाला उठून गेले. कागदावर तरी तसं होऊ नये. पोंभुर्ण्याच्या अलीकडे रानाला टेकून एक लहान गाव आहे, तिथं तिचं घर आणि घराच्या पडवीत तेलाचा लाकडी घाणा. मी आज चांदा शहरात टिकून आहे, हातात पान्हा आहे, दोन वेळा जेवतो, ते तिच्यामुळे.

मी मूळचा माणदेशाकडचा. शाळा पाचवीत सुटली. मामा बल्लारशाला लाकडाच्या डेपोत होता, त्याच्यामागून इकडे आलो. मामा पुढं तब्येतीनं गावी परतला आणि मी एका जंगल ठेकेदाराच्या मोटारीवर आधी पुसायला, मग चालवायला राहिलो. पहिल्या दिवशी डेपोतल्या एकानं विचारलं, "काऊन बे, कुठी चालला?" 'काऊन' म्हणजे 'का', भाषा मराठीच, पण मला वाटलं माझं काही चुकलं. ती सवय अजून गेली नाही. कोणी हाक मारली की आधी वाटतं, चुकलं.

वाचकांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मोटारीला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते संपलं की मोटार थांबते, घातलं की चालते. ऑइलचं तसं नाही. इंजिनाच्या पोटात एक जाड दांडा फिरतो, त्याला शाफ्ट म्हणतात. पिस्टनचे दांडे त्याला धरून वरखाली नाचतात. हे सगळे एकमेकांना घासत असतील असं वाटतं, पण धडधाकट इंजिनात ते एकमेकांना शिवतही नाहीत. मधे तेलाचा पातळ पडदा असतो, पंपानं जोर लावून पाठवलेला. नदीवर होडी तरंगावी तसं ते सगळं लोखंड त्या पडद्यावर तरंगतं. तेलाचा जोर किती आहे, ते समोरच्या फळीवर एक लहानसा काटा सांगतो. काटा पडला म्हणजे पडदा गेला. मग आधी पांढऱ्या मऊ धातूचं बेअरिंग मेणासारखं वितळतं, आणि ते गेलं की शाफ्टवर ओरखडे. शाफ्ट गेला की इंजिन गेलं. या सगळ्याला बिडी पेटवायला लागतो तेवढा वेळ पुरतो.

म्हणून शिकाऊ माणसाला मी सांगतो, एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. गिऱ्हाइकांना सांगून उपयोग नसतो. एक गृहस्थ इंजिन जाळून आमच्याकडे आले. काट्यावर त्यांनी देवाची तसबीर चिकटवलेली, वर झेंडूचा हार. मी म्हटलं, "साहेब, काटा कसा दिसणार?" तर म्हणाले, "तू कशाला पाहतं? देव पाहून राह्यला ना!"

तर मालकांची, म्हणजे त्या ठेकेदारांची, मोटार. अमेरिकन बनावटीची, जुनी, पण मालकांचा तिच्यावर असा जीव की तिच्या टपावर कावळा बसला तरी ते उठून हाकलायचे. पौषातली गोष्ट. मालकांच्या आईला सगळे मोठी बाई म्हणत. त्यांना मार्कंड्याच्या दर्शनाला जायचं होतं. मला ड्रायव्हर म्हणून पक्कं अजून केलेलं नव्हतं. निघताना मालक खिडकीशी वाकले.

"दत्तू, बाईले घेऊन जाऊन राह्यला. सांभाळून. मोटारीले काई झालं ना, तर तुह्या गावचं तिकीट मी सोता काढून देतो."

हसत म्हणाले. पण मला ते तिकीट डोळ्यांपुढं दिसायला लागलं. गावी काय होतं? कोरडी विहीर आणि "आलास का परत?" म्हणणारी माणसं. सगळा प्रवास मी त्या काट्याकडे असा पाहत होतो जसं कोणी आजाऱ्याच्या छातीकडे पाहतं.

शुक्रवारी दर्शन झालं, रात्री धर्मशाळेत राहिलो आणि शनिवारी सकाळी निघालो. वाटेवर एका दुकानाशी पेट्रोल घ्यायला थांबलो. पट्टी काढून पाहिली. ऑइल खुणेच्या वर होतं, पण जवळ जास्तीचा डबा नव्हता.

"बाई, एक डबा ऑइल घेऊन ठेवू का?"

"ऑइल म्हंजे?"

"इंजिनाचं तेल."

"आज वार कोणता हाय?"

"शनिवार."

"मंग?"

मी पट्टी पुसून परत जागी घातली. शनिवारी तेल विकत घेऊ नये हे आमच्याकडेही आहे. माझी आई शेजारून पळीभर उसनंसुद्धा आणत नसे. दुकानदाराला मात्र राहवलं नाही. "अवो बाई, पेट्रोल चालते अन् ऑइल चालत नाई?"

"पेट्रोल जळते," मोठ्या बाई म्हणाल्या, "तेल लागते. जळते ते येगळं, लागते ते येगळं. शनी लागणाऱ्याले धरते."

दुकानदार मान डोलवून पेट्रोलचे पैसे मोजू लागला. मलाही ते पटल्यासारखं झालं.

नदी उतारावर होती. वाळूत तट्टे अंथरून गाड्यांची वाट केलेली, तीवरून हळूच पलीकडे आलो. पुढं दोन्ही बाजूंना जवस फुललेला. ज्यांनी फुललेला जवस पाहिला नाही त्यांना कसं सांगू? निळा रंग जमिनीवर असा पसरलेला असतो की तळं कुठं संपलं आणि शेत कुठं सुरू झालं ते कळत नाही. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. बाई मागे जप करत होत्या. इंजिनाचा आवाज इतका एकसारखा की तो ऐकू येईनासा झाला. मला वाटलं, मोटार चालतच नाही, आपण जागेवर आहोत आणि तो निळा रंगच हळूहळू मागे वाहतो आहे. मी आयुष्यात एवढा निवांत क्वचित बसलो असेन.

मग एक नाला आला. उतरलो, वळलो, आणि चढ चढताना काटा पडला.

खाली सरकला नाही. झोप लागलेल्या माणसाची मान पडावी तसा पडला. उभ्या चढावर होतो, मागे खोल नाला आणि मोटारीत मोठ्या बाई. तिथं इंजिन बंद केलं असतं तर ब्रेक धरतीलच याचा भरवसा नव्हता. दात खाऊन माथ्यावर घेतली आणि किल्ली फिरवली. तेवढ्या वेळात आतून टक, टक, टक असा आवाज आलाच. दार कोणीतरी बोटानं वाजवावं तसा. त्या आवाजाबद्दल मी पूर्वी फक्त ऐकून होतो.

"काऊन थांबला?" बाईंनी विचारलं.

"बाई, तेल गेलं."

बॉनेट उघडलं. इंजिनापासून काट्याकडे तांब्याची एक बारीक नळी जाते, ती हादऱ्यांनी चिरली होती. जोर होता तोवर पंपानंच सगळं ऑइल बाहेर फेकलं. नाल्यापासून मोटारीपर्यंत काळी रेघ उमटलेली. नळीवर इलाज होता, चिमटून बंद करता आली असती. पण तेल? मी त्या रेघेकडे पाहत उभा राहिलो आणि मला आमच्या गावचं स्टेशन दिसलं.

शेतातली माणसं गोळा झाली. कोणी बैलजोडी आणली, दोर बांधला, आणि आमची अमेरिकन मोटार बैलांमागून गावात गेली. इकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. पोरं मागे ओरडत. "बंडी आली, बंडी आली!" मोठ्या बाई आत ताठ बसून होत्या, वरातीतल्यासारख्या.

गावात तेल कुठं मिळेल विचारलं तर सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं. पडवीत घाणा, पण थांबलेला. बैल बाहेर ऊन खात होता. घरधनी डोमाजी खाटेवर बसलेला.

"आमचा घाणा शनवारी बंद असते," तो म्हणाला. "अन् शनवारी आम्ही तेल इकत नाई. आमच्या बापजाद्यापासून नाई. उद्या या. उद्या लागल तेवढं देतो."

"इकत घेते कोण?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मी बी शनवारी घेत नाई."

दोघं एकमेकांकडे मोठ्या आदरानं पाहू लागले. मी मधे उभा, हात काळे.

"मग बाई, उद्यापर्यंत थांबायचं?" मी विचारलं.

"उद्या? अन् आज घरच्या मारुतीपुढं दिवा कोण लावन? लगन होऊन आली तवापासून माहा एक शनवार चुकला नाई."

डोमाजीला वाईट वाटलेलं दिसलं. तो म्हणाला, "दान मनून नेता का? इकणं बंद हाय, दान चालते."

"नको, नको!" बाई एकदम मागे सरल्या. "शनवारचं तेल दान घेतलं तर देणाऱ्याची साडेसाती घेणाऱ्याच्या घरी येते."

"अन् मी काऊन देऊ माही साडेसाती या बाबूले?" आतून आवाज आला. "आधीच साडेसातीत दिसून राह्यला."

ती भागरताबाई, डोमाजीची बायको. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. चौकटीला टेकून तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "कुठचा रे तू?"

"सातारा जिल्हा."

"ते कुठी आलं?"

"लांब. दोन दिवस आगगाडीनं."

"तुह्या डोक्याले तेल कोन लावते?"

मला प्रश्नच कळला नाही. "कोणी नाही," म्हटलं.

"दिसूनच राह्यलं. बस इथी."

मी घाण्याशेजारी बसलो. तिनं वाटीत तेल आणलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं. बोटं केसांत फिरू लागली. मला सांगता येत नाही काय झालं ते. पडवीत पेंडीचा गोड वास होता, कुठंतरी होला घुमत होता, ऊन कौलातून पाझरत होतं. माझे खांदे कधीचे कानांपर्यंत चढलेले असायचे, ते खाली आले. डोळे मिटले. आमच्या घरचा उंबरा दिसला, आईचे गुडघे दिसले, पण रडू आलं नाही. मोटार, मालक, तिकीट सगळं पाण्याखाली गेलं आणि मी वर तरंगत राहिलो. किती वेळ, देव जाणे.

वरून तिचा आवाज ऐकू आला. ती मोठ्या बाईंशी बोलत होती.

"बाई, तुमच्याइकडं भाऊ बंडी घेऊन बहिणीच्या गावाले आला, तर वापस जाताना बहीण बंडीच्या आसाले वंगण घालते का नाई?"

"घालते ना. कोरडी बंडी कोन पाठवन?"

"मंग तवा वार पाहते का?"

मोठ्या बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "नाई. वंगणाले वार नसते."

"हा माहा भाऊ झाला. डोक्याले तेल लावलं, आता काय बाकी राह्यलं? अन् ते त्याची बंडी."

डोमाजी खाटेवरून म्हणाला, "अरे वा. मले साळा भेटला अन् मलेच माहीत नाई!"

मी उठून भागरताबाईच्या पाया पडलो. मोठ्या बाईंनी मान हलवली, म्हणजे मंजूर.

आता तेल कोणतं, हा माझ्या धंद्याचा प्रश्न. घरात जवसाचं होतं, पण जवस सुकला की रोगणासारखा चिकटतो. सुतार त्यानंच लाकूड चमकवतात. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं होतं, ते थंडीत थिजतं. "एरंडेल आहे का?" मी विचारलं. भागरताबाई हसली. "बंडीले दुसरं काय घालते?" आणि तिनं चामड्याचा मोठा बुधला आणला.

एरंडेल इतकं दाट होतं की बुधला उलटा केला तरी येईना. चुलीवर कोमट केलं, लुगड्याच्या धडप्यातून गाळलं. उरलंसुरलं जुनं ऑइल मी आधीच खाली काढलं होतं. मग प्लग काढले आणि डोमाजीला पुढचं हँडल फिरवायला सांगितलं. तो फिरवू लागला. पंपानं तेल उचललं की नाही हे आता काटा सांगणार नव्हता, म्हणून मी फुटक्या नळीच्या तोंडाशी डोळा लावून बसलो. काही नाही. तो फिरवतोय, घाम पुसतोय, पुन्हा फिरवतोय.

"घाणा बंद हाय म्हणत होता ना?" भागरताबाई म्हणाली. "मंग हे काय फिरवून राह्यला?"

"साळ्याचा घाणा हाय हा. याले सुट्टी नसते."

आणि नळीच्या तोंडाशी मधाच्या रंगाचा एक थेंब आला. थरथरला, मोठा झाला, ओघळला. मागून दुसरा. मी ओरडलो, "आलं!" काय आलं ते गावाला कळलं नाही, पण गावही ओरडलं. मग मी नळी पकडीनं चिमटून दुमडली आणि ठोकून बंद केली.

इंजिन सुरू झालं. टकटक होतीच. ज्या सिलिंडरची टकटक होती त्याच्या प्लगची तार काढून ठेवली, म्हणजे त्या दुखऱ्या दांड्यावर जोर पडणार नाही. आवाज कुरकुरीएवढा उरला. निघताना भागरताबाई म्हणाली, "हळू ने, बाबू. पोचला का नाई कसं समजन मले?" मी म्हटलं, "येऊन सांगेन."

पुढचा रस्ता मला अजून स्वप्नात येतो. काटा मेलेला, आणि मी नुसत्या कानांवर मोटार चालवत होतो. बैलगाडीच्या चालीनं रान मागे जात होतं. सागाची वाळकी पानं चाकाखाली चुरत होती, तरी मला ती दुरून कोणी बोलतंय अशी ऐकू येत होती. मोटारीमागून एरंडेलाचा जळका, गोडसर धूर. मोठ्या बाईंनी नाकाला पदर लावला. "दत्तू, मोटार चालून राह्यली, का कोनाचं पोट साफ होऊन राह्यलं?" मी हसलो आणि लगेच घाबरलो, हसण्यात एखादा ठोका ऐकायचा राहून गेला तर? दिवेलागणीला चांदा आलं. बाई उतरल्या त्या थेट मारुतीपुढं गेल्या. मी मोटारीपाशीच बसून राहिलो. लोखंड थंड होताना बारीक किणकिणतं, ते ऐकत.

दुसऱ्या दिवशी हबीब मिस्त्रींनी इंजिन खोललं. चांद्यातले जुने कारागीर, मी आज त्यांच्याच हाताखाली आहे. मालक शेजारी उभे होते. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर काढला तर तळाशी पांढऱ्या धातूच्या कण्या, तांदळाच्या असाव्यात तशा. एक बेअरिंग संपलं होतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात ट्रंक भरायला घेतली.

मिस्त्रींनी चिंधीनं शाफ्ट पुसला आणि डोळे मिटून अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. ओरखडा असेल तर नख अडतं. एकदा फिरवलं, पुन्हा उलट्या बाजूनं फिरवलं. कुठंच अडलं नाही.

"शाफ्ट बच गया, मालक. एक बेअरिंग भरलं की झालं." मग बोटं हुंगून म्हणाले, "ये अरंडी किसने डाली?"

"माझ्या बहिणीनं," मी म्हणालो.

"याले बहीण कुठची?" मालक म्हणाले.

"हाय," मागून मोठ्या बाईंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कोणी पाहिलं नव्हतं. "माह्यासमोर झाली. अन् माहा दिवा चुकू देला नाई या पोरानं. याले पक्का कर."

मालक तसेच वळून निघून गेले. पण संध्याकाळी मोटारीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, आणि परत मागितली नाही.

पुढं मोटार विकली गेली आणि मी मिस्त्रींकडे आलो, ती वेगळी गोष्ट. त्या पौषानंतर आलेल्या पहिल्याच भाऊबीजेला भागरताबाईकडे गेलो. लुगडं नेलं आणि एरंडेलाचा भरलेला डबाही नेला. ओवाळून झालं. लुगडं तिनं डोळ्यांना लावून ठेवलं. डबा मात्र माझ्याकडे परत सरकवला.

"हे नाई घेत. वापस घेतलं तर मंग ते देणं-घेणं झालं. शनवारी मी काई देलं नाई, तू काई घेतलं नाई."

"मग मी फेडू कसं, ताई?"

"फेडतं कायले? बहिणीचं कोनी फेडते का?" ती जात्याशी बसली होती. हात थांबला. "भावाचं घर मंजे माहेर असते म्हणते. माही माय मी रांगत होती तवा गेली, काकाच्या घरी वाढली. सोबतच्या बाया माहेरून येते अन् सांगते, तिथी कोनी उठवत नाई मनून. उन्ह अंगावर येतवर झोपा. मले तर कोंबड्याच्या आधीच जाग येते. सवयच तशी पडली."

हे ती तक्रारीनं म्हणाली नाही. दुसऱ्या गावची गोष्ट सांगावी तसं म्हणाली, आणि पुन्हा दळू लागली.

भागरताबाईला वाचता येत नाही. डोमाजीभाऊ कोणाकडून तरी हे वाचून घेतील, म्हणून इथंच लिहितो. ताई, मी सध्या गॅरेजाच्या माळ्यावर झोपतो, तिथं तुला बोलावता येत नाही. पण एक खोली करणार आहे. चूल असेल, पूर्वेला खिडकी असेल, बाज असेल. त्या साली मिस्त्रींकडून मोटार मागून घेऊन मी तुझ्या दाराशी येईन आणि तुला पुढच्या सीटवर बसवून चांद्याला आणीन. भाकर मी थापीन, बाजेखालून आवाज न करता केर काढीन. ऊन तुझ्या पायांवर येईल, मग गुडघ्यांवर, मग तोंडावर. तरी तुला कोणी उठवणार नाही.